शुगर निघाली, आता ताटात काय? पोळी-भाजी, वरण-भात खाऊन डायबेटिस सांभाळायची सविस्तर पद्धत

रिपोर्टमध्ये शुगरचा आकडा वाढलेला आला की घरात आणि नातेवाइकांत दोन टोकांचे सल्ले सुरू होतात. एक म्हणजे भात बंद, बटाटा बंद, फळं बंद, साखरेकडे तर बघूच नका, आता जन्मभर भाकरी आणि दुधीची भाजी. दुसरा म्हणजे सकाळी मेथीचं पाणी घ्या, कारल्याचा रस प्या, जांभळाच्या बियांची पावडर घ्या, शुगर आपोआप उतरते, बाकी काही सोडायला नको. पहिल्या सल्ल्याने माणूस महिनाभर कसंबसं पथ्य पाळतो आणि मग वैतागून सगळंच सोडतो, आणि दुसऱ्याने तर बऱ्याचदा चालू गोळ्याच सुटतात. आमच्या घरी सासऱ्यांना टाइप टू डायबेटिस आहे आणि स्वयंपाक माझ्याकडे, त्यामुळे हे सगळं मी ओट्यापाशी उभी राहून शिकलेय, आणि मला मनापासून वाटतं की शुगरवाल्या माणसाला वेगळं शिजवून वेगळं बसवायची काहीच गरज नसते. जे घरात शिजतं तेच खायचं, फक्त ताटातलं प्रमाण बदलायचं, खायचा क्रम बदलायचा आणि आपल्याला काय सोसतं ते ग्लुकोमीटरवर, म्हणजे घरी शुगर मोजायच्या यंत्रावर, बघून ठरवायचं.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. इन्सुलिन चालू असेल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांपैकी गोळी असेल तर भात-पोळी एकदम कमी करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. ही औषधं तुम्ही जेवलात का नाही ते बघत नाहीत, शुगर खाली आणतातच, त्यामुळे खाणं अर्धं आणि गोळी पूर्ण असं झालं की शुगर धोक्याच्या पातळीखाली जाते. डॉक्टरांना नुसतं सांगितलं की मी जेवणात असा असा बदल करतोय, की ते डोस बघून देतात. किडनीचा त्रास असेल, गरोदरपण असेल, तरीही आधी विचारायचं.

आधी आपले आकडे माहीत पाहिजेत

उपाशीपोटीची शुगर १२६ किंवा त्याच्यावर, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी टेस्ट ६.५ किंवा जास्त, म्हणजे डायबेटिस. एचबीए१सी ५.७ ते ६.४ मध्ये असेल तर ती प्रीडायबेटिसची, म्हणजे डायबेटिसच्या आधीची पायरी. एकदा डायबेटिस आहे म्हटल्यावर बहुतेकांना एचबीए१सी ७ च्या खाली, उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या खाली असं टार्गेट देतात, पण वयस्कर माणसाला, किंवा ज्यांची शुगर मधूनच खाली जाते त्यांना डॉक्टर थोडं सैल टार्गेट देतात आणि ते बरोबरच आहे, म्हणून ८० वर्षांच्या आजीची तुलना ४० वर्षांच्या मुलाशी करू नका.

आणि जेवणानंतरची शुगर म्हणजे पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी, हात धुतल्यापासून दोन तास नव्हे. यात खूप लोक चुकतात आणि मग आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

"मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?"

हा प्रश्न आपल्याकडे फार येतो आणि याचं उत्तर पुण्यातच मिळालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तोच, २२.३, म्हणजे बघायला दोघंही सडपातळ, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे वजनकाटा तेच सांगतो तरी आपल्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, आणि ती पोटाभोवती, लिव्हरमध्ये साठली की इन्सुलिनचं काम नीट होत नाही. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटर ही हद्द धरतात. शिंप्याची टेप घ्या, बेंबीच्या लेव्हलला श्वास सोडून मोजा आणि वहीत लिहून ठेवा, दर महिन्याला हाच आकडा बघायचाय.

याचा जेवणाशी संबंध असा की आपल्या ताटात पिठूळ पदार्थ भरपूर आणि प्रोटीन अगदी थोडं असतं. भात, पोळी, भाकरी, पोहे, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ, हे सगळं पोटात जाऊन शेवटी ग्लुकोजच होतं. कुठलं लवकर होतं, कुठलं हळू, एवढाच फरक, आणि तो फरक पडतो फायबरमुळे, पीठ किती बारीक आहे त्यामुळे, आणि सोबत डाळ, भाजी, दही किती आहे त्यामुळे.

पहिली पायरी: आठवडाभर काहीच बदलू नका, नुसतं लिहा

एक वही घ्या आणि तोंडात जे जाईल ते लिहा. जेवण तर सगळेच लिहितात, पण चहा, चहाबरोबरचं मारी बिस्किट, येता-जाता डब्यातला चिवडा, नातवाने उरवलेला लाडू, रात्रीचं हळद-साखरेचं दूध, हे लिहायचं राहून जातं आणि गडबड तिथेच असते. नुसत्या चहाचा हिशोब करून बघा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, चमचा साधारण ५ ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम, महिन्याला १ किलो २०० ग्रॅम. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, निरोगी माणसालासुद्धा दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपासच रहा म्हणते. चहा बंद करायची गरज नाही, कप लहान करा, साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत शून्यावर आणा, आलं-गवती चहा घाला, महिना-दीड महिन्यात जिभेला सवय होते.

गुळाचा चहा केला म्हणून फरक पडत नाही हे इथेच सांगून टाकते. गूळ, मध, खडीसाखर, खजूर, शुगर सगळ्यांनीच वाढते. गुळात लोह थोडं जास्त असेल, पण शुगर मोजताना गूळ साखरेच्याच खात्यात धरायचा. आणि पाकिटावर शुगर फ्री लिहिलेली बिस्किटं घेताना मागची बाजू वाचा, साखर नसली तरी मैदा असतोच.

दुसरी पायरी: ताटाची वाटणी बदलायची

आपल्या ताटात डावीकडे चमचाभर कोशिंबीर, थोडी चटणी, उजवीकडे वाटीभर भाजी, आणि मधला सगळा भाग पोळ्या नि भाताचा. हेच उलटं करायचं. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ-दही-अंडं-मासे यांपैकी काहीतरी, आणि राहिलेल्या पाव ताटात पोळी किंवा भाकरी किंवा भात. बटाटा, रताळं, मका हे भाजी म्हणून धरायचे नाहीत, ते पोळीच्या हिश्श्यातले, त्यामुळे बटाट्याची भाजी-पोळी म्हणजे पोळीबरोबर पोळी खाल्ल्यासारखंच. वांगं, भेंडी, गवार, दोडका, पडवळ, फरसबी, कोबी, फ्लॉवर, शेवग्याच्या शेंगा, मेथी, चाकवत, तांदुळजा, शेपू, अंबाडी, या भाज्या पोटभर खा. पण तेल बघून, कारण भरली वांगी तेलात पोहत असतील तर वजन वाढणारच. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल हा हिशोब धरा आणि चारजणांच्या घरात दोन लिटरचा कॅन महिनाभर पुरतोय का बघा. बहुतेक घरात पुरत नाही.

आता आकडे, कारण "थोडंसं खा" म्हणून काहीच कळत नाही. ३० ग्रॅम कणकेचा फुलका म्हणजे साधारण २० ग्रॅम कार्ब्ज, म्हणजे ज्याचं पोटात ग्लुकोज होतं तो पिठूळ भाग. शिजलेल्या भाताची एक लहान सपाट वाटी म्हणजे २८-३० ग्रॅम. आणि ज्वारीची भाकरी, जी चालते म्हणून लोक दोन-तीन खातात, ती हातावर थापलेली घरगुती भाकरी ६०-७० ग्रॅम पिठाची सहज होते, म्हणजे ४० ग्रॅमच्या वर कार्ब्ज, एक भाकरी म्हणजे दोन फुलके! भाकरी चांगली आहेच, पीठ न चाळता, भरपूर पाणी घालून मळलेली, पोट भरतं, सावकाश खाल्ली जाते, पण ज्वारी-बाजरी-नाचणी म्हणजे औषध असं समजून मोजणं सोडलं की शुगर वाढतेच. नाचणीच्या सत्त्वाची खीर तर बारीक पीठ आणि पातळ, ती शोषली जायला वेळच लागत नाही, त्यापेक्षा नाचणीची भाकरी कितीतरी बरी.

मी काय करते ते सांगते. स्वयंपाकघरात छोटा डिजिटल काटा ठेवलाय. सुरुवातीला कणकेचे गोळे काट्यावर ठेवून बघायचे, ३० ग्रॅम कणीक भिजवली की गोळा साधारण ४५-४८ ग्रॅमचा होतो. नेहमीच्या सवयीने केलेला गोळा ठेवला की तो ६०-६५ दाखवतो, म्हणजे "दोनच पोळ्या खाल्ल्या" म्हणणाऱ्या माणसाने खरं तर पावणेतीन खाल्लेल्या असतात. आठवडाभर असं केलं की हाताला अंदाज बसतो आणि काटा कपाटात जातो. भातासाठी एक वाटी ठरवून टाका, तीच वाटी, रोज, सपाट भरलेली, पातेल्यातून डावाने ताटात वाढायचा नाही. बायकांना साधारण दोन फुलके किंवा एक फुलका आणि पाऊण वाटी भात, पुरुषांना दोन ते तीन फुलके एका जेवणाला, इथून सुरुवात करा, पुढे मीटर सांगेल तसं कमी-जास्त.

प्रोटीन, म्हणजे आपल्या जेवणातली सगळ्यात मोठी कमतरता

वजनाच्या प्रत्येक किलोला ०.८ ते १ ग्रॅम प्रोटीन पाहिजे, ६५ किलोच्या माणसाला ५० ते ६५ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात ६-७ ग्रॅम असतं, आणि आपल्याकडचं पळीभर पातळ वरण किंवा आमटी म्हणजे त्याच्या निम्मंही नाही. म्हणून मुगाची, मटकीची, हरभऱ्याची, चवळीची उसळ एका जेवणाला हवीच, वाटी भरून. पिठलं उत्तम, बेसनात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं आणि चणाडाळीमुळे शुगर हळूहळू चढते, फक्त पिठल्याबरोबर भाकरी एकच आणि शेजारी कांदा, काकडी, पालेभाजी. अंडं खाणाऱ्यांना एका अंड्यात ६ ग्रॅम, पनीर १०० ग्रॅमला १८, सोया चंक्समध्ये कोरड्या १०० ग्रॅमला ५० च्या आसपास, म्हणजे मूठभर सोया मटारच्या भाजीत घातले तरी जेवण सुधारतं. कोकणातल्या लोकांकडे तर बांगडा आणि तारली आहेत, स्वस्त, प्रोटीन चांगलं आणि ओमेगा थ्री पण, नुसतं रवा लावून खोल तेलात तळण्याऐवजी तव्यावर किंवा तिखल्यात करा, आणि भाताचा डोंगर करू नका.

वर म्हटलं तसं किडनीचा त्रास असेल, म्हणजे लघवीत प्रोटीन जात असेल किंवा रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर प्रोटीन वाढवायचं का नाही हे डॉक्टरच सांगतील. वर्षातून एकदा या दोन टेस्ट होतातच, त्या टाळू नका.

तिसरी पायरी: आधी काय, मग काय

यात पैसे लागत नाहीत, वेगळं काही शिजवायला लागत नाही. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये २०१५ मध्ये एक छोटा अभ्यास झाला, डायबेटिस असलेली ११ माणसं, जेवण दोन्ही वेळा तेच. एकदा ब्रेड आणि संत्र्याचा ज्यूस आधी आणि पंधरा मिनिटांनी चिकन-भाजी-सॅलड, दुसऱ्या वेळी उलटं. भाजी-चिकन आधी खाल्लं तेव्हा तासाभराची शुगर साधारण ३७ टक्क्यांनी कमी होती. माणसं थोडी होती, पण पुढेही असेच निष्कर्ष येत गेलेत आणि करून बघायला काही धोका नाही.

आपल्याकडे बऱ्याच घरांत जेवण सुरूच होतं वरण-भात-तूप-लिंबाने, म्हणजे भुकेच्या पोटी आधी भात. तो शेवटी न्या. पानावर बसल्यावर आधी कोशिंबीर आणि अर्धी भाजी, मग उसळ किंवा वाटीभर घट्ट वरण, मग पोळी उरलेल्या भाजीबरोबर, आणि शेवटी भात ताकाबरोबर. खूप वेळा असं होतं की भातापर्यंत येताना पोट भरलेलं असतं आणि दोन घास कमीच जातात. सासऱ्यांना वरण-भात शेवटी खायला जड गेलं सुरुवातीला, सत्तर वर्षांची सवय, पण ताटात भात आधी वाढलाच नाही तर मागितला जात नाही, म्हणून वाढणाऱ्यानेच हा क्रम पाळायचा.

चौथी पायरी: मीटरला विचारा

नाश्त्याचं उदाहरण घेते, कारण सकाळी बऱ्याच जणांची शुगर जास्त हट्टी असते. पोहे. एक प्लेट कांदेपोह्यांत ८० ग्रॅम कोरडे पोहे सहज जातात, म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज, वर चिमूटभर साखर, बटाटा, शेव, आणि सोबत साखरेचा चहा. आता पोहे बंद करायचे का? नाही. पोहे मूठ-दीड मूठ म्हणजे ४० ग्रॅम घ्यायचे, तेवढीच मोड आलेली वाफवलेली मटकी, मटार, दुप्पट कांदा, थोडे शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबू, बटाटा आणि साखर गाळायची, आणि बाजूला उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही. प्लेट दिसायला तेवढीच भरते.

मग मोजा. खायच्या आधी एकदा बोट टोचायचं, पहिल्या घासापासून दोन तासांनी परत. एक दिवस नेहमीचे पोहे, दुसऱ्या दिवशी हे पोहे, बाकी गोळी, झोप, चालणं शक्यतो सारखं. आमच्याकडे नेहमीच्या पोह्यांनी दोन तासांची शुगर दोनशेच्या पुढे जायची, मटकीवाल्या पोह्यांनी एकशेसाठच्या आसपास थांबली, आणि त्यानंतर सासऱ्यांना समजावून सांगायचं काही उरलंच नाही. ढोबळ हिशोब असा धरा की जेवणाआधीपेक्षा वाढ ५० च्या आत आणि एकूण आकडा १८० च्या खाली राहिला तर तो पदार्थ त्या प्रमाणात तुम्हाला चालतो. जास्त वाढला तर प्रमाण कमी करून परत बघा, मगच बंद करायचा निर्णय. स्ट्रिपा महाग आहेत, रोज चार वेळा मोजायची गरज नसते, आठवड्याला एक पदार्थ तपासला तरी दोन-तीन महिन्यांत तुमची स्वतःची यादी तयार होते, आणि ती छापील डाएट चार्टपेक्षा किती तरी उपयोगी, कारण एकाला इडली सोसते आणि दुसऱ्याला अजिबात नाही. टोचायच्या आधी हात साबणाने धुऊन पुसा, बोटाला आंब्याचा किंवा गुळाचा अंश असेल तर मीटर उगाच जास्त दाखवतं. इन्सुलिनवाल्यांनी मात्र डॉक्टर सांगतील तितक्या वेळा मोजायचंच.

असेच तपासून बघण्यासारखे नाश्ते: मुगाच्या डाळीचे घावन, भाजणीचं एक छोटं थालीपीठ दह्याबरोबर, भरपूर भाज्या घातलेला जाड रव्याचा उपमा (रवा अर्धा), अंड्याची पोळी आणि एक फुलका, तर्री आणि फरसाण कमी केलेली मिसळ पावाशिवाय. हो, मिसळ चालते, त्यात मटकीच तर आहे.

उपवास आणि सण

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅमला ८५ ग्रॅमच्या वर कार्ब्ज, फायबर नाही, प्रोटीन नाही, आणि त्यात बटाटा. एकादशीला एक प्लेट खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, संध्याकाळी दोन केळी आणि रात्री वरीचे तांदूळ, म्हणजे रोजच्यापेक्षा जास्त पिठूळ खाल्लं जातं. उपवास मोडायला सांगणार नाही, श्रद्धेचा विषय आहे आणि उपवासाच्या पदार्थांतही पर्याय आहेत: राजगिऱ्याची एक भाकरी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, ताक, पनीर, मूठभर शेंगदाणे. वरी खायची तर वाटीभर, भरपूर दाण्याच्या आमटीबरोबर. घरात ज्यांना उपवासाला काय चालतं काय नाही यात फरक असेल त्यांनी तेवढं बघून घ्यावं.

पण निर्जळी किंवा नवरात्राचे नऊ दिवस धरणार असाल तर आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जा. वर सांगितलेल्या गोळ्या आणि इन्सुलिनने शुगर खाली जाऊ शकते, आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या चालू असतील तर उपाशी राहिल्यावर शरीरात पाणी कमी होऊन कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, वाढायचा धोका असतो, शुगर फार वाढलेली नसतानाही. याच कारणाने या गोळ्यांवर असताना मनाने कीटो डाएट, म्हणजे भात-पोळी जवळजवळ बंद करणारं डाएट, करू नये. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसात दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायची पद्धत आपल्याकडे घराघरात पोचलीये आणि ज्यांना मधलं खाणं सोडल्याने वजन उतरलंय असे लोक आजूबाजूला दिसतात, पण औषधं चालू असताना ती सुरू करायची तर डोस आधी बदलून घ्यायचा, आणि त्या दोन जेवणांत काहीही कितीही असं धरायचं नाही, ताटाची वाटणी तीच.

पुरणपोळीच्या दिवशी एकच पुरणपोळी, भात आणि साधी पोळी त्या दिवशी नाही, आधी कोशिंबीर-भाजी, वाटीभर कटाची आमटी, मग पुरणपोळी तुपाबरोबर, दुधात कुस्करून नाही. गणपतीत उकडीचा मोदक एक, जेवणाच्या शेवटी, आणि तो एका फुलक्याच्या बदल्यात. दिवाळीच्या फराळात चकली-शेव गोड नाही म्हणून चालते असं वाटतं, पण ते पीठ आणि तेल आहे, तेही मोजायचं.

फळं

फळ अख्खं, ज्यूस नाही, घरी काढलेलाही नाही. पेरू, जांभूळ, पपई, संत्रं, सफरचंद यांपैकी एक मध्यम फळ किंवा वाटीभर फोडी, सकाळ-दुपारच्या मधल्या वेळेत, जेवणावर लगेच नाही. केळं मध्यम असलं तरी त्यात २५ ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज, म्हणून अर्धं. चिकू, सीताफळ, द्राक्षं कमी. हापूसच्या दिवसांत अर्धा आंबा, फोडी करून, त्या जेवणातली एक पोळी वजा करून, आमरस मात्र वाटी-वाटी नाही, कारण चोथा गेला आणि मोजायचं भान गेलं.

जेवणानंतर चाला, आणि रात्री लवकर जेवा

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, घरातल्या घरात, गच्चीवर, कुठेही. पायाचे स्नायू चालताना रक्तातलं ग्लुकोज खेचून घेतात, तेही इन्सुलिनची फारशी वाट न बघता. रात्री सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपण रात्री साडेनऊला पोटभर जेवतो, सिरियल बघतो आणि झोपतो, आणि सकाळची शुगर का वाढली ते कळत नाही. आठपर्यंत जेवण, नाही जमलं तर ताट हलकं.

वजन उतरलं तर शुगर परत फिरते का?

काही जणांची फिरते. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाची ट्रायल झाली, न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांची, २०१७ मध्ये पहिले निकाल आले. डायबेटिस होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या, इन्सुलिन नसलेल्या जाड लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरीचं जेवण दिलं, आणि वर्षाच्या शेवटी ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं, घरी मनाने ८५० कॅलरीवर जायचं नाही. पण ज्यांना नुकतीच शुगर निघालीये त्यांनी पहिल्या वर्ष-दोन वर्षांत वजनाकडे जितकं मनापासून बघितलं तितका फायदा, हे यातून नक्की घेता येतं. १५ किलो नसले तरी ७० किलोच्या माणसाचे चार-पाच किलो उतरले तर आकड्यांत फरक पडतो. आणि घरातले प्रीडायबेटिसवाले, मुलगा, सून, बहीण, यांनी याच ताटात जेवावं, कारण चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात नुसत्या खाण्या-चालण्याच्या बदलाने डायबेटिस होण्याचा धोका तीन वर्षांत साधारण २८ टक्क्यांनी कमी झाला होता.

शुगर खाली गेली तर

घाम, हातापायाला कंप, धडधड, एकदम भूक, चिडचिड, गोंधळल्यासारखं. ७० च्या खाली असेल, किंवा मोजायला वेळ नसेल तरी, लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात. पेढा, चॉकलेट, बिस्किट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर चढायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी परत मोजा, अजून खाली असेल तर परत तेवढंच, आणि ७० च्या वर आली की थोडं पोळी-भाजी काहीतरी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल. घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, साखरेचा डबा कुठे आहे आणि काय करायचं ते शिकवून ठेवा.

मेथीचं विचाराल तर मेथीदाण्यात विरघळणारं फायबर असतं, भिजवून चमचाभर खाल्ले तर थोडी मदत होते, खा. कारल्याची भाजी पण खा. फक्त त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका. आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी असाल तर जास्तच, पाय बधिर होतात त्याचं कारण कधीकधी हेच निघतं, म्हणून पुढच्या रक्ततपासणीत बी१२ घालून मागा.

तीन महिन्यांनी एचबीए१सी करायला जाताना ही वही बरोबर न्या: कंबर, वजन, कुठल्या पदार्थाने किती वाढली, कधी खाली गेली. आकडे उतरलेले असतील तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा की गोळीचा डोस कमी करता येईल का, आणि नसतील उतरले तरी वही दाखवा, म्हणजे गोळी वाढवायचीये का रात्रीचं जेवण बदलायचंय हे त्यांना त्यावरून कळतं.